‘प्रेरणा’ नावाचे प्रकरण

मराठी विभागांतून सादर होणाऱ्या प्रबंधांची रूपरेषा सांगण्यासाठी आता प्रबंध उघडून पाहण्याची गरज उरलेली नाही. पहिल्या प्रकरणात लेखकाचे जीवन आणि व्यक्तिमत्त्व, दुसऱ्यात लेखनप्रेरणा, पुढे स्वरूप, वैशिष्ट्ये, भाषाशैली आणि शेवटी मूल्यमापन. ही मांडणी सोयीची आहे. मार्गदर्शकाला ती सोयीची वाटते आणि बहिःस्थ परीक्षकालाही. तिच्यातील इतर प्रकरणांविषयी वेगळे काही म्हणता येईल, परंतु प्रस्तुत लेखाचा विषय दुसरे प्रकरण एवढाच आहे. या प्रकरणात आईच्या ओव्या असतात, वडिलांचे पोथीवाचन असते, शाळेतील एक गुरुजी असतात, गावचा निसर्ग असतो, दारिद्र्य किंवा एखादे दुःख असते आणि एका थोर पूर्वसूरीचा प्रभाव असतो. लेखकाचे नाव बदलले तरी ही यादी फारशी बदलत नाही. निसर्ग आणि दारिद्र्य हे तर महाराष्ट्रातील निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला आलेले आहे. त्यांतला एकच माणूस कथा का लिहू लागला, याचे उत्तर त्या यादीतून मिळत नाही.

माझ्या स्वतःच्या प्रबंधातही हे प्रकरण आहे. एका तालुक्याच्या गावी आयुष्य काढलेल्या, आता फारशा कोणाच्या स्मरणात नसलेल्या कथाकाराच्या लेखनप्रेरणांवर मी बत्तीस पृष्ठे लिहिली. संदर्भ भरपूर दिले. मौखिक परीक्षेत त्या प्रकरणाचे कौतुकही झाले. मात्र या कथा छापून येण्यापूर्वी कोणी ऐकल्या होत्या काय, असा प्रश्न परीक्षकांनी विचारला नाही, आणि खरे सांगायचे तर तो मलाही सुचला नव्हता. तो सुचायला मला पुढे बरीच वर्षे आणि एक चूक लागली. त्या चुकीविषयी पुढे लिहिलेच आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, प्रेरणा ही लेखकाच्या अंतर्यामी एकदा उगवलेली आणि नंतर आपोआप वाहत राहिलेली गोष्ट आहे, हे गृहीत धरून आपण शिकवतो आणि संशोधन करतो. मराठी वाङ्मयाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. लिहिण्याची पहिली ऊर्मी कोठूनही येत असेल. ती टिकते, वळण घेते, कधी कधी जन्मालाच येते ती एखाद्या लहानशा, नेमक्या ठिकाणी भेटणाऱ्या मंडळींमुळे. ही मंडळी म्हणजे वाङ्मयीन संप्रदाय नव्हे, ‘प्रवाह’ नव्हे, जाहीरनामा काढणारी चळवळही नव्हे. ज्यांच्यापुढे वाचायची थोडी भीती वाटते आणि वाचल्याशिवाय राहवतही नाही, अशी चार माणसे. आपल्या प्रबंधांत या चार माणसांना जागा नाही.

हा विचार नवा नाही. एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आपण सारेच मम्मटाचे काव्यहेतू शिकवतो. शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशी तीन नावे विद्यार्थी पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत लिहितात. मम्मटाने ‘अभ्यास’ हा शब्द सुटा वापरलेला नाही, काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणीने होणारा अभ्यास असे त्याचे म्हणणे आहे, हे वर्गात सांगायचे मात्र राहून जाते. शिवाय हे तिन्ही मिळून एकच हेतू होतो, तीन वेगळे हेतू नव्हेत, असाही त्याचा आग्रह आहे. म्हणजे काव्यज्ञांची सोबत ही प्रतिभेनंतर जोडायची पुरवणी नसून काव्याच्या कारणाचाच अंश आहे. राजशेखर तर याहून व्यवहारी. ‘काव्यमीमांसे’त त्याने कवीचा दिवस चार प्रहरांत वाटून दिला आहे. सकाळी अध्ययन आणि रचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी, आणि चौथ्या प्रहरी, एकट्याने किंवा मोजक्या माणसांसह, सकाळी रचलेल्याची परीक्षा. कारण रचनेच्या आवेशात असणाऱ्याला स्वतःचे दोष दिसत नाहीत. ‘मोजक्या माणसांसह’ हे त्यातले मला महत्त्वाचे वाटते. सभा नव्हे, संमेलन नव्हे. याच राजशेखराने भावकांचे जे चार प्रकार सांगितले त्यांत एक ‘सतृणाभ्यवहारी’ आहे. म्हणजे अन्नाबरोबर गवतही चघळणारा, समोर येईल त्याला ‘वाहवा’ म्हणणारा. आज भ्रमणध्वनीवरच्या काव्यसमूहांतून पहाटेपासून जी दाद वाहत असते, ती पाहता हा प्रकार अकराशे वर्षांत क्षीण झाला आहे असे म्हणवत नाही.

आता आपल्या परंपरेकडे वळू. मराठीत सर्वाधिक काव्य कोठे निर्माण झाले असेल, तर ते जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. गावोगावच्या बायकांनी सांगितलेल्या. या ओवीची ‘प्रेरणा’ शोधू गेल्यास सासुरवास, माहेर, भाऊ, विठ्ठल असे विषय हाती लागतात, आणि आपण विषयालाच प्रेरणा समजून थांबतो. परंतु काही वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थिनींनी आसपासच्या चार गावांत ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्यांना एक साधी अडचण आली. एकटीला गाठून विचारले की, ‘आता कुठं आठवतंय बाई’ असे उत्तर मिळे. मग एका घरच्या माळ्यावरचे जाते खाली काढले, दोघीजणी खुंट्याला हात लावून समोरासमोर बसल्या, आणि ज्यांना काही आठवत नव्हते त्यांनी दोन तासांत सत्तर-ऐंशी ओव्या सांगितल्या. एकीची ओवी संपता संपता दुसरी उचलत होती, तिला उत्तर देत होती, क्वचित मोडूनही काढत होती. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायकांचे कष्ट वाचले, आणि ते वाचायलाच हवे होते. पण ओवीची निर्मितीही तिथेच मंदावली. सासुरवास काही गिरणीबरोबर संपला नव्हता. गेली होती ती समोरासमोर बसण्याची जागा.

बालकवींच्या चरित्रातही याच जागेचा पुरावा आहे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबऱ्यांना अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्याकडून ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. परंतु उपाधीने कोणी कवी होत नाही. त्यानंतर ते अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले, आणि ते घर कसे होते हे कळायला लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचावी लागतात. वादावादी, विसरभोळेपणा, ओढग्रस्त आणि कविता, हे सारे त्या घरात एकाच छपराखाली नांदत होते. विशेष म्हणजे त्या घराने केवळ पाहुण्या कवीला आश्रय दिला असे नाही. ज्या बाईला अक्षरओळखही लग्नानंतर झाली, तिच्या हातून मराठीतले एक थोर आत्मचरित्र त्याच घराने लिहून घेतले. बालकवींच्या निसर्गप्रेमावर आपल्याकडे कितीतरी लिहिले गेले. टिळकांच्या ओसरीवर किती पाने आहेत?

रविकिरण मंडळाविषयी मी येथे फार लिहिणार नाही, कारण त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. १९२३ साली पुण्यात चहाच्या निमित्ताने जमणाऱ्या या मंडळींत माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश यांच्यासारखे कवी होते, तसे नाट्यछटाकार दिवाकर आणि पुढे टीकाकार व कादंबरीकार म्हणून नावाजलेले माडखोलकरही होते. सर्वांचा पिंड एक नव्हता, आणि मंडळाचे आरंभीचे बळ त्यातच होते असे मला वाटते. त्यांच्या काव्यगायनाने कविता सभागृहांत पोहोचली. तथापि सभागृह आले की टाळी येते, आणि टाळी आली की चौथा प्रहर संपतो. मंडळाची म्हणून एक लकब ओळखू येऊ लागली, आणि त्या काळच्या कवितेच्या अशाच लकबींची केशवकुमारांनी ‘झेंडूची फुले’मध्ये यथेच्छ थट्टा केली. स्नेहमंडळाने करायला हवी होती ती परीक्षा शेवटी विडंबनकाराला करावी लागते, एवढाच बोध मी त्यातून घेते.

याच्या उलट उदाहरण ‘शब्द’चे. १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी हे चक्रमुद्रित अनियतकालिक सुरू केले, तेव्हा चित्रे सोळा वर्षांचे होते. त्यांचे वडील पुरुषोत्तम आत्माराम चित्रे बडोद्याहून ‘अभिरुची’ काढत. मर्ढेकरांची उंदरांवरची वादग्रस्त कविता १९४६ मध्ये त्याच मासिकात आली. घरातच मासिक वाढताना पाहिलेल्या मुलाला कविता म्हणजे एकांतात स्फुरणारी वस्तू न वाटता कोणी पाठवलेले, कोणी नाकारलेले, कोणी छापलेले बाड वाटले असेल तर नवल नाही. ‘शब्द’ किती जणांनी वाचला असेल? फार तर काही डझन. पण लिहिणाऱ्यांना तेवढे पुरले. पुढे अशोक शहाणे यांचे ‘असो’ १९६३ मध्ये निघाले आणि ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’ अशी एक मालिकाच उभी राहिली. या साऱ्यांचा रोख ‘सत्यकथे’च्या संपादकीय वर्चस्वावर होता, १९६९ साली तिची जाहीर होळीही झाली. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती, याचा निवाडा आजही परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत विचारला जातो. मला त्यातली वेगळी गोष्ट दिसते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांना सविस्तर पत्रे लिहीत, कथा परत पाठवीत, पुन्हा लिहायला लावीत. ज्यांना हे मानवले नाही त्यांनी स्वतःचे अनियतकालिक काढले आणि तिथे एकमेकांना तितक्याच निर्दयपणे वाचले. दोन्हीकडे ‘नाही’ म्हणणारे कोणीतरी होते. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली, अनियतकालिके त्याआधीच ओसरली होती; आणि त्यानंतरच्या साहित्यव्यवहारात छापणारे वाढले, परत पाठवणारे कमी झाले, असे माझे निरीक्षण आहे. स्वखर्चाने काढलेल्या संग्रहांच्या ज्या चळती आपल्या विभागांत ‘अभिप्रायार्थ’ येऊन पडतात, त्यांतील अनेक कवींना एकही संपादक भेटलेला नसतो. दोष केवळ त्यांचा नाही.

कोलटकरांविषयी आणखी एक. त्यांचा पहिला मराठी संग्रह ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ चा आणि त्यानंतरचा ‘चिरीमिरी’ २००३ चा. मध्ये सव्वीस वर्षे. या काळाचे वर्णन आपण ‘मौन’ असे करतो. ते मौन नव्हते. काळा घोडा भागातील एका उपाहारगृहात गुरुवारी मित्र जमत, कविता लिहिल्या आणि वाचल्या जात होत्या, आणि प्रास प्रकाशनाचे अशोक शहाणे हा माणूस तितकी वर्षे मागे उभा होता. छापण्याची घाई नसलेला प्रकाशक आणि वाचून दाखवण्याची जागा, दोन्ही असली म्हणजे कवी सव्वीस वर्षे न छापता लिहू शकतो. ज्याला यांपैकी काहीच नाही तो दोन वर्षांत संग्रह तरी काढतो किंवा लिहिणे तरी सोडतो.

आतापर्यंतची उदाहरणे ज्यांना बसायला ओसरी, चहा आणि उपाहारगृह मिळू शकत होते त्यांची झाली. दलित साहित्याचा इतिहास या दृष्टीने अधिक बोलका आहे, कारण तिथे जागा आधी निर्माण करावी लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली तत्कालीन औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. ते मराठवाड्यातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी होते. साहित्य हा त्याचा घोषित हेतू नव्हता. पण वसतिगृह आले, ग्रंथालय आले, रात्र रात्र बोलणारी समवयस्क मुले एकत्र आली, प्राचार्य म. भि. चिटणीस आणि डॉ. म. ना. वानखडे यांच्यासारखे लिहा म्हणणारे शिक्षक आले. त्या वातावरणातून डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ १९६८ पासून उभे राहिले आणि सुमारे पाच दशके चालले. पानतावणे केवळ अंक काढून थांबले नाहीत. ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे वेगवेगळ्या गावी भरत, आणि ज्याची एखादीच कविता छापून आली आहे असा मुलगा तिथे प्रस्थापित लेखकाच्या शेजारी जेवायला बसे. मुंबईत वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह हे असेच तरुणांच्या चर्चांचे केंद्र होते. दलित साहित्याची प्रेरणा आंबेडकरी विचार, हे आपण शंभर प्रबंधांत लिहिले आणि ते निर्विवाद खरे आहे. मात्र विचारापासून कवितेपर्यंतचा रस्ता वसतिगृहाच्या खोलीतून गेला. त्या खोलीवर एखादाच परिच्छेद सापडतो.

याच संदर्भात ‘गोलपिठा’ची प्रस्तावना मला सतत आठवते. १९७२ साली नामदेव ढसाळांच्या या संग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. कवितेतले अनेक शब्द आपल्याला कळत नाहीत, हे तेंडुलकरांनी लपवले नाही. त्यांनी कवीला अर्थ विचारले, आणि त्याच्याबरोबर त्या वस्तीतून फिरून आले. नाटककार म्हणून मान्यता पावलेला एक मध्यमवर्गीय लेखक तेविशीतल्या कवीला शब्दांचे अर्थ विचारतो, हे दृश्य मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांपुढे ठेवावे असे आहे.

मी ते ठेवले नव्हते. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी मला दोनशे पानी वही दाखवायला घेऊन आली. पंधरा किलोमीटरवरच्या खेड्यातून ती एसटीने येई. वहीत कविता होत्या. तिच्या घरच्या बोलीत लिहिलेल्या, काही कच्च्या, दोन-तीन विलक्षण. मी वही घरी नेली आणि मन लावून तपासली. ‘वावर’ खोडून ‘शेत’ केले, ‘माय’च्या जागी ‘आई’ केले, ‘पानी’चे ‘पाणी’ केले, वृत्त जिथे ओघळत होते तिथे शब्द बदलून दिले. लाल शाईने. त्यातली एक कविता महाविद्यालयाच्या वार्षिकांकात छापून आली. त्याच सत्रात मी त्याच वर्गाला बहिणाबाई चौधरींची गाणी शिकवत होते, आणि बोलीचे सामर्थ्य या विषयावर टिपणे देत होते. दोहोंतली विसंगती मला तेव्हा जाणवली नाही. मुलीने पुन्हा वही आणली नाही. तीन-चार वर्षांनी ती बसस्थानकावर भेटली, कडेवर लहान मूल होते. लिहितेस का, असे मी विचारले. ती हसली. म्हणाली, “नाही मॅडम. ते छापलेलं वाचलं ना, तर माझं वाटलंच नाही.” रागाने नव्हे, सहज म्हणाली.

मी तिला शुद्धलेखन दिले. तिला एक ऐकणारी मैत्रीण हवी होती, किंवा ‘या शब्दाचा अर्थ काय ग?’ असे विचारणारी बाई. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ग्रंथरूपाने आली, ती सोपानदेवांनी जशी ऐकली तशी उतरवून घेतली होती म्हणून. उतरवून घेणारा आधी ऐकणारा असावा लागतो.

या अनुभवानंतर एक गोष्ट लक्षात आली, ती सांगितली पाहिजे. वर ज्या जागा वर्णिल्या त्यांतील बहुतेकांत बायका नाहीत. रविकिरण मंडळात मनोरमाबाई रानडे होत्या, पण एकट्या. रात्रीचे उपाहारगृह, वसतिगृहाची गच्ची, मासिकाच्या कचेरीतला अड्डा या जागा मुलींना मिळत नाहीत; आजही फारशा मिळत नाहीत. माझ्या विद्यार्थिनीला साडेपाचची गाडी गाठायची असे. १९८९ साली विद्या बाळ यांनी पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले, तेव्हा त्याच्या नावातच हा प्रश्न होता. त्या मासिकाने कितीतरी बायकांना पहिल्यांदा लिहिते केले, कारण त्याच्याभोवती बायका खरोखर एकत्र बसल्या. स्त्रियांच्या लेखनाच्या प्रेरणा लिहिताना आपण ‘दडपलेले भावविश्व’ असा शब्दप्रयोग करतो. दडपणात एसटीच्या वेळापत्रकाचाही वाटा असतो.

येथे एक आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला एकटे राहिले, इंग्रजी शिकवले, सभासंमेलनांपासून दूर राहिले आणि मराठी कथेला एका टोकापर्यंत नेऊन ठेवले. तेव्हा मंडळींची आवश्यकता ती काय? आक्षेप गंभीर आहे आणि काही अंशी मी तो मान्य करते. काही लेखकांना माणसे समोर नको असतात. पण जी. एं.ची पत्रे आता खंडांत प्रसिद्ध आहेत. सुनीता देशपांडे यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराची दुसरी बाजूही ‘प्रिय जी. ए.’ या नावाने आलेली आहे. ही पत्रे वाचणाऱ्याला त्यांच्या एकांताविषयीचे मत थोडे बदलावे लागते. त्यांनी माणसे दूर ठेवली, वाचक मात्र पोस्टाने जवळ बोलावले. नेमाडे यांनी ‘कोसला’ गावी बसून लिहिली हेही खरे. परंतु ते मुंबईतल्या मित्रांत राहून, भांडून गावी परतले होते. एकांत कशानंतरचा आहे, हे पाहावे लागते.

आता विभागांनी काय करावे? कार्यशाळा हा शब्द मला नको आहे. आमच्या महाविद्यालयात शुक्रवारी शेवटच्या तासिकेनंतर आणि साडेपाचच्या गाडीआधी पन्नास मिनिटे मिळतात. त्या वेळात गेली काही वर्षे आम्ही सहा-सातजण विभागाच्या खोलीत बसतो. नियम दोन. वाचून झाल्यावर टाळी नाही. आणि प्रत्येकाने आपण नेमके कोठे अडखळलो ते सांगायचे, मग तो शब्द असो वा ओळ. लिहिणाऱ्याने तोवर बोलायचे नाही. पहिले तीन महिने वाईट गेले. कोणी अडखळेचना, सारे ‘छान’ होते. मग एकाने दुसऱ्याला खरे सांगितले आणि दुसरा रुसून आठ आठवडे आला नाही. नववीला आला. मी लाल शाईचे पेन आणत नाही. सर्वांत उपयुक्त सभासद वाणिज्य शाखेचा एक मुलगा निघाला. तो स्वतः एक ओळही लिहीत नाही. राजशेखराने निर्मितीच्या प्रतिभेबरोबर भावकाची प्रतिभाही वेगळी मानली आहे. ती या मुलाकडे आहे. वर्षअखेरीस प्राचार्यांनी या उपक्रमाचा अहवाल, छायाचित्रे आणि ‘लाभार्थ्यांची संख्या’ मागितली, कारण नॅकची समिती येणार होती. छायाचित्रासाठी आम्ही एकदा ओळीत बसलो. त्या शुक्रवारी वाचन झाले नाही.

यातून लेखक निघतील का, ते मला सांगता येत नाही. आजवर एकीची कथा एका दिवाळी अंकाने परत पाठवली, सोबत संपादकांचे चार ओळींचे पत्र होते. तिने ते खोलीत वाचून दाखवले, आणि दुसरा खर्डा करायला घेतला.

संशोधनापुरते म्हणाल तर दुसरे प्रकरण काढून टाकावे असे मी म्हणत नाही. विद्यापीठाची चौकट इतक्या सहज हलत नाही. त्याच शीर्षकाखाली काही वेगळे प्रश्न विचारता येतील. पहिला खर्डा कोणी ऐकला? कोठे बसून? कोणी नाकारला, आणि नाकारल्यावर लेखकाने त्यात काय बदलले? लेखक कोणाला पत्रे लिहीत होता, आणि ती पत्रे आज कोणाच्या माळ्यावर आहेत? चक्रमुद्रित अंकांचा कागद फार टिकणारा नाही. अनेक अनियतकालिकांचे पूर्ण संच सार्वजनिक ग्रंथालयांत मिळत नाहीत. त्या बैठकांना हजर असणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीची आहेत. त्यांच्याकडे प्रश्नावली घेऊन जाण्याऐवजी ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन दुपारभर बसावे लागेल, आणि ही कामे पुढच्या पाच-सात वर्षांतच व्हायला हवीत.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या प्रबंधविषय कथाकाराच्या गावी मी दुसऱ्याच कामासाठी गेले होते. बाजारपेठेत एका शिंप्याच्या दुकानात उभी असताना बोलता बोलता त्या कथाकाराचे नाव निघाले. शिंपी आता थकलेले आहेत, काजे-बटणांचे काम तेवढे करतात. म्हणाले, “मास्तर रोज संध्याकाळी इथंच बसायचे. लिहून आणलेलं वाचायचे, मी मशीन चालवायचो. मशीन थांबलं की त्यांना कळायचं गोष्ट जमली म्हणून. नाही थांबलं, तर कागद घडी करून खिशात.” किती वर्षे, असे मी विचारले. “दुकान काढल्यापासून. एकवीस वर्षं तरी.” न थांबलेल्या मशीनच्या दोन गोष्टी त्यांना अजून आठवत होत्या. त्या कोठे छापून आलेल्या नाहीत. मी बाकावर बसून त्या उतरवून घेतल्या, आणि मधेच एका शब्दाशी थांबून त्यांना अर्थ विचारला.